अनवाणी उपदेशास उत्तर

बागकाम अनवाणी करावे, मातीशी पायाचा प्रत्यक्ष संबंध असावा, त्यायोगे अंगातील उष्णता शमते, निद्रा सुखाची लागते, चित्त प्रसन्न होते, आणि शिवाय भूमातेच्या अंगावर चामडे किंवा रबर घालून चालण्याचा अपराधही टळतो, असा जो उपदेश अलीकडे परसबागेच्या हौशी मंडळींत मोठ्या भक्तिभावाने दिला-घेतला जातो, त्याचा समाचार घेणे आता अगत्याचे झाले आहे. एखादे मत नुसते चुकीचे असेल तर त्याची उपेक्षा केलेली बरी. परंतु जे मत चुकीचे असून ऐकावयास गोड असते ते चटकन लोकांच्या तोंडी बसते, आणि त्याची किंमत मग घरातल्या मुलांच्या व वडीलधाऱ्यांच्या पायांना मोजावी लागते. अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता सरकारदफ्तरी अहिल्यानगर म्हणतात, निम्मा मुलूख काळ्या चिकणमातीचा आणि निम्मा मुरमाचा व काट्याकुट्यांचा आहे. अशा ठिकाणी तरी हा उपदेश बिनतक्रार दाखल करून घेतला जाऊ नये, एवढ्यापुरतीच ही कैफियत आहे.

प्रतिपक्षाची मुख्य भिस्त पूर्वजांवर आहे. आपले वाडवडील अनवाणी राबले आणि नव्वद वर्षे जगले, हे वाक्य एकदा उच्चारले की पुढे पुरावा मागण्याची सोय उरत नाही, असा त्यांचा समज दिसतो. परंतु पूर्वजांची साक्ष काढणाऱ्यांनी पूर्वजांची गावरहाटी एकदा तरी नीट डोळ्यांखालून घालावी. दख्खनच्या बहुतेक नांदत्या गावांनी बलुतेदारांमध्ये चांभाराला वतनी हक्काने ठेवून घेतले होते. सुगीला खळ्यावर त्याचे बलुते वेगळे काढले जात असे, आणि त्याच्या मोबदल्यात कुणब्याच्या घरच्या वहाणा करणे व सांधणे, मोट शिवणे, आसूड-वाद्या पुरविणे ही कामे तो वर्षभर करीत असे. ज्या समाजाला पायताणाची गरज नव्हती त्याने आपल्या राशीतला वाटा पिढ्यान्‌पिढ्या पायताण करणाऱ्याला का द्यावा? त्र्यंबक नारायण आत्रे यांचा १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गावगाडा’ वाचणाऱ्याला बलुत्याची ही व्यवस्था नवीन नाही. धान्याच्या प्रत्येक पायलीचा हिशेब ठेवणारा तो कुणबी हौसेखातर कोणाला पोसत नसे.

मग अनवाणी कोण चालत होते? ज्यांना वहाण परवडत नव्हती ते, आणि ज्यांना ती घालण्याची मनाई होती ते. ज्या हातांनी गावाचे जोडे शिवले त्याच हातांच्या माणसांना आणि त्यांच्याहून खालच्या मानलेल्यांना वरच्या आळीतून जोडे घालून जाण्याची मुभा नव्हती. चावडीपुढून, पारापुढून, सासऱ्या-दिरांच्या समोरून जाताना बाईने चपला हातात घ्याव्यात, हा दंडक तर अगदी काल-परवापर्यंत कित्येक गावांत पाळला जात होता. यात निसर्गाशी तादात्म्य नव्हते, हा मज्जाव होता. त्या मज्जावाला आज आरोग्याचा मंत्र म्हणून मिरवावे, आणि तेही ज्यांच्या दाराशी चार-चार जोड मांडून ठेवलेले असतात अशा सद्गृहस्थांनी, याला धार्ष्ट्य म्हणावे की विस्मरण म्हणावे, हे ज्याने-त्याने ठरवावे. ते नव्वद वर्षे जगलेले आजोबा सर्वांना आठवतात. काटा मोडून, पाय सुजून, धनुर्वाताने तिशीत गेलेला त्यांचा भाऊ कोणाच्या आठवणीत नसतो, कारण त्याची छबी भिंतीवर नसते.

भूमातेच्या अवमानाचा मुद्दा उरतो. तो मी हसण्यावारी नेत नाही. खळ्यावर रास पडलेली असताना वहाणा बाहेर काढून ठेवणे, पेरणीच्या आरंभी अनवाणी पायाने शेतात उतरून नमस्कार करणे, या चालींमागे जी कृतज्ञता आहे तिला मीही मान देतो, आणि त्या चाली मोडाव्यात असे माझे बिलकूल म्हणणे नाही. पण विधी वेगळा आणि वहिवाट वेगळी. ज्या शेतकऱ्याने ही चाल पाळली त्यानेच आपल्या बैलाच्या खुरांना लोखंडी नाल ठोकून घेतले, कारण खडकाळ वाटेवर अन् मुरमाड रानात खूर झिजला की बैल बसतो हे त्याला ठाऊक होते. आणि त्याच नाल ठोकलेल्या बैलाची त्याने पोळ्याला पूजा केली. बैलाच्या चार पायांतील लोखंडाने जी भूमाता रुष्ट झाली नाही, ती गृहिणीच्या दोन पायांतील रबराने रुष्ट होईल, हे तर्कशास्त्र माझ्या आकलनाबाहेरचे आहे.

आता ज्या मातीच्या स्पर्शाचा एवढा महिमा गाइला जातो, ती माती तरी एकदा पाहू. जिल्ह्याचा उत्तर भाग म्हणजे गोदावरी-प्रवरेचे खोरे. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आले, आणि राहाता, श्रीरामपूर, राहुरी या टापूत काळ्या जमिनीवर बारमाही ओल राहू लागली. त्याच ओलीवर पुढे ऊस पिकला आणि लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. या इतिहासाचा आपल्याला योग्य अभिमान आहे. परंतु बारमाही ओल म्हणजे बारमाही चिखल. आणि दिवसभर चिखलात राहिलेल्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत ज्या चिखल्या होतात, त्यांची आग ज्याने सोसली आहे तो मृत्तिकास्पर्शाच्या आनंदावर व्याख्यान देणार नाही. दक्षिणेकडे पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या जिरायत तालुक्यांत चिखलाची तक्रार चार महिन्यांपुरती असते. तेथे बाभळीचा काटा, सराटा, कुसळ आणि वैशाखातील तापलेले ढेकूळ ही चौकडी पहाऱ्यावर असते.

खुद्द नगर शहरातील बागेची माती तर त्याहूनही संशयास्पद आहे. ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेसचे पुढारी येथील भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध होते, तेव्हा जवाहरलाल नेहरूंनी त्या आवारात फुलझाडांचे वाफे करण्याचा उद्योग आरंभिला होता. तेथील जमीन निकस, दगडांनी आणि जुन्या बांधकामाच्या राडारोड्याने भरलेली होती, हे त्यांनीच आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे. किल्ल्यातली ती जमीन अपवादभूत नव्हे. शहरातील, किंबहुना कोणत्याही तालुक्याच्या गावातील नव्या घराभोवतीचा चार हातांचा तुकडा घ्या. वरचा थर विकत आणलेल्या काळ्या मातीचा, आणि एक कुदळ खाली गेली की विटांचे तुकडे, गंजके खिळे, सळईची टोके, फुटलेल्या फरशीची धार. भूमातेच्या नावाने आपण ज्याचे पाय धरतो ते पुष्कळदा ठेकेदाराने बुजविलेले मलब्याचे ढीग असतात.

आरोग्याचा मुद्दा मात्र सविस्तर घेतला पाहिजे, कारण अनवाणी पंथाचे सर्वांत लोकप्रिय शस्त्र तेच आहे. ग्रे यांच्या शरीररचनेवरील विख्यात ग्रंथातील चित्रे ज्यांनी काढली ते हेन्री व्हॅन्डाइक कार्टर पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापक झाले, साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते, आणि १८७४ साली त्यांनी एका पादरोगावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मदुरा पाय या नावाने तो रोग ओळखला जातो. मातीतील बुरशी किंवा जंतू काट्याच्या जखमेतून आत शिरतात, पाय महिनोगणती, वर्षोगणती दुखल्याविना सुजत जातो, गाठी फुटून त्यांतून कणीदार पू वाहतो, आणि अखेर हाडांपर्यंत रोग पोचला की पाय कापण्याची पाळी येते. हा रोग होतो कोणाला? शेतात अनवाणी राबणाऱ्याला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली त्याला उपेक्षित रोगांच्या यादीत घातले. उपेक्षित अशासाठी की तो ज्यांना होतो त्यांना व्याख्याने देण्याची सवड नसते.

दुसरा साक्षीदार अंकुशकृमी. त्याच्या अळ्या ओलसर, सावलीच्या मातीत राहतात आणि पायाच्या अखंड कातडीतूनही आत शिरतात, ही गोष्ट १८९८ साली कैरो येथे आर्थर लूस या संशोधकाला, अळ्यांचे पाणी त्याच्याच हातावर सांडल्यामुळे, प्रथम कळून आली. तेथून रक्तावाटे फुप्फुसांत, फुप्फुसांतून घशात, घशातून आतड्यात, असा प्रवास करून तो जंतू आतड्याला चिकटतो आणि माणसाचे रक्त पीत राहतो. पांढरट पडलेली, चार पावलांत धाप लागणारी, पंडुरोगी बाई पाहून आपण तिच्या नशिबाला दोष देतो. न्यायबुद्धीने सांगावयाचे तर हा जंतू मनुष्याच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून येतो, आणि ज्या गावात शौचालये नीट वापरली जातात तेथे त्याचा जोर पुष्कळ ओसरलेला असतो. तेव्हा प्रत्येक अंगणात तो दबा धरून बसला आहे अशी भीती मी घालणार नाही. पण ज्या भागात तो अद्याप आहे तेथे अनवाणी राहण्याची शिफारस करणे हे अडाणीपणाचे नव्हे, बेपर्वाईचे लक्षण आहे. आणि पेन्शनीत निघाल्यावर बागेचा नाद लावून घेतलेल्या मधुमेही गृहस्थांस तर हात जोडून विनंती आहे की त्यांनी हा उपदेश ऐकलाच नाही असे समजावे. त्यांच्या तळव्याची संवेदना कमी झालेली असते, खिळा रुतलेला संध्याकाळपर्यंत समजत नाही, आणि न समजलेल्या जखमेचा शेवट कोठे होतो हे त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना अनेकदा सांगितलेले असेल.

एका ठिकाणी मात्र मी माघार घेतो. अकोले तालुक्याच्या डोंगरी पट्ट्यात, जेथे पाऊस कोसळतो आणि भाताची आवणी होते, तेथे गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या बाईला बूट घाला म्हणणे म्हणजे तिला दर पावलाला बूट शोधावयास लावणे होय. चिखल बूट ओढून घेतो, पाऊल रिकामे वर येते, ओळ मोडते, आणि तोल गेला की हातातली रोपे पाण्यात. तेथे पाय उघडाच हवा. फक्त बांधावर आल्यावर तो स्वच्छ पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून मग वहाण घातली पाहिजे. पण भातखाचरातील ही लाचारी शहरातल्या गुलाबाच्या वाफ्याला तत्त्व म्हणून लावणारे जे कोणी असतील त्यांना अकोले कोठे आहे हेही ठाऊक नसावे.

इतके वाचून गमबूट विकणाऱ्यांनी आनंदित होऊ नये. अनवाणी पंथाचा पराभव म्हणजे त्यांचा विजय नव्हे. उलट बागायती कुटुंबांची जी फसगत मी पाहतो तिच्यात त्यांचाही हिस्सा आहे. रबरी उंच बूट हा थंड आणि ओल्या देशांतील कामासाठी जन्मला. चार्ल्स गुडइयर याच्या कृतीने रबर टिकाऊ झाल्यावर हायरम हचिन्सन याने १८५३ साली फ्रान्समध्ये कारखाना काढला तो तेथील शेतकऱ्यांच्या लाकडी जोड्यांच्या जागी हे बूट देण्यासाठी. तेथील माळी उभ्याने काम करतो, फावड्याच्या पात्यावर बुटाचा तळ ठेवून दाब देतो, आणि त्याला घाम येत नाही. आपले खुरपणे उकिडवे बसून होते. गुडघ्यापर्यंतचा बूट घालून उकिडवे बसून पाहा. बुटाचा काठ पोटरीत आणि गुडघ्याच्या मागे रुततो, टाच उचलली जाते, घोट्याशी रबराची घडी पडून कातडी सोलते, आणि तासाभरात आत घामाचे डबके होऊन ज्या चिखल्यांपासून पळ काढला त्याच पुन्हा भेटतात. आपली कुदळ आणि आपले फावडे उभ्याने दाबण्याची हत्यारे नव्हेत. ती आपल्याकडे ओढून मारण्याची आहेत, म्हणजे त्यांची धार दर घावाला स्वतःच्याच बोटांकडे येते. यावरून एवढे निष्पन्न होते की आपल्या बागेला पुढून बंद असलेला, बोटांवर कणखर आणि घोट्याशी लवचिक असा बुटका जोड हवा. उंच बूट दोन प्रसंगी हवा: साचलेल्या पाण्यातून जाताना, आणि विषारी औषधाची फवारणी करताना. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कापसावर फवारणी करणारी वीसाहून अधिक माणसे विषबाधेने दगावली, तेव्हा ही गोष्ट सबंध महाराष्ट्राला कळली होती आणि पुढच्या मोसमापर्यंत विसरलीही गेली. फवारणीच्या वेळी पायजमा किंवा पँट बुटाच्या बाहेरून सोडावी. आत खोचली तर अंगावरून ओघळलेले औषध सरळ बुटात उतरते आणि तो बूट विषाचे भांडे होऊन बसतो.

आणि घरोघरची ती स्लिपर! तिच्याइतके गैरसमजावर उभे असलेले पायताण दुसरे नाही. ती पायात आहे म्हणून माणूस निर्धास्त असतो, आणि तिच्या मऊ तळातून बाभळीचा काटा लोण्यात सुरी जावी तसा आरपार येतो. ओल्या पाटावर ती घसरते, चिखलात पट्टा निसटतो, कुदळीपासून बोटांचे रक्षण ती तीळमात्र करीत नाही. घरापासून नळापर्यंत जाण्यास ती ठीक आहे. कोल्हापुरी वहाण हा आपल्या कारागिरीचा अभिमानास्पद नमुना आहे. पण तिचे चामडे बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले असते आणि पाण्यात पडले की ते फुगते, वाकडे होते. कोरड्या पायवाटेची ती राणी, वाफ्यात तिची दुर्दशा करू नये. टायरच्या चपलेविषयी मात्र मला पक्षपात आहे आणि तो लपविण्याचे कारण मला दिसत नाही. दिसावयास ओबडधोबड, वजनाला जड, पण जुन्या टायरचा तो तळ काट्याला दाद देत नाही, आणि दुरुस्तीला बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसलेला माणूस पुरतो. तिच्यात पुढची बोटे उघडी राहतात हा एकच दोष. तेव्हा काटेरी कोरड्या रानात फेरफटका मारण्यास, कुंपण पाहण्यास ती उत्तम, कुदळकामास नाही. कुदळकामाला आणि खुरपणीला, पुढून बंद, मागे पट्टा असलेला, एकसंध साच्यातून काढलेला रबरी किंवा प्लॅस्टिकचा बूट, जो बादलीभर पाण्याने धुता येतो आणि सावलीत वाळवता येतो, तो घ्यावा. किंवा कॅनव्हासचा जाड तळाचा बूट, कोरड्या हंगामापुरता. रबर उन्हात वाळत घालू नये, ते तडकते. ही साधी गोष्ट न पाळल्यामुळे पैसे वाया गेले म्हणून बुटालाच नावे ठेवणारे पुष्कळ आहेत.

सर्पदंशाचा विषय काढल्यावाचून हे प्रकरण पुरे होत नाही. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिला आहे. त्यांतली निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली. याच चार महिन्यांत गवत गुडघ्याला लागते, आणि याच जिल्ह्यात रात्री-अपरात्री वीज आली म्हणून दारे धरावयास माणूस उसाच्या सरीत उतरतो. घोणस आणि फुरसे पुष्कळदा पाय पडल्यावर चावतात, आणि चावा बहुधा घोट्याच्या आसपास असतो. तेथे उंच बूट आणि हातात विजेरी ही दोन्ही मिळून जेवढे रक्षण करतात तेवढे दुसरे काही करीत नाही. मण्यार अंथरुणात येऊन चावते, तिला बुटाचे भय नाही, हेही कबूल केले पाहिजे. पायताणाने सर्व काही साधते असे मी कोठेही म्हटलेले नाही, धनुर्वाताच्या लसीलाही ते पर्याय नाही.

शेवटचा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. १८८४ च्या तगाई कायद्याने बी-बियाणे, जनावरे आणि शेतीशी निगडित इतर कारणांसाठी सरकारातून कर्ज मिळू लागले, तेव्हापासून आजपर्यंत शेतकऱ्याच्या प्रत्येक हत्याराचा हिशेब मांडला गेला. पायताण मात्र कपड्यालत्त्याच्या खर्चात पडून राहिले, म्हणजे उरलेल्या पैशांत घेण्याचे. जोपर्यंत ते खुरप्याच्या आणि फवारणी पंपाच्या ओळीत लिहिले जात नाही तोपर्यंत ते सर्वांच्या शेवटी घेतले जाणार, आणि घरात ज्याचा क्रम शेवटचा लागतो त्याला ते मिळणार नाही.

हा शेवटचा क्रम कोणाचा, हे सांगावयास नको. परसबाग ही आपल्याकडे बहुतांशी बायकांच्या हातची असते. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्याच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा परसातल्या भाजीपाल्याचे ज्ञान कोणाकडे आहे हे सरकारनेही मान्य केले. पण घरात पायताणांची खरेदी होते तेव्हा आधी कर्त्या पुरुषाला बूट, मग शाळेत जाणाऱ्या मुलाला, आणि बाईला नवऱ्याची जुनी स्लिपर. तालुक्याच्या बाजारात गमबूट बहुधा पुरुषी मापाचे टांगलेले असतात. त्यात बाईचे पाऊल खुळखुळते, आणि खुळखुळणारा बूट अनवाणी पायापेक्षा धोक्याचा. म्हणून ज्या घरात एकाच जोडाचे पैसे असतील तेथे तो खुरपणाऱ्या बाईच्या मापाचा घ्यावा, माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या कामाने पाऊल थोडे सुजलेले असते. दुसरे पैसे येतील तेव्हा पाणी धरणाऱ्या माणसाचा. मुलांचा पुढे, आणि तोही पायाच्या मापाचा, दोन वर्षे पुरेल म्हणून मोठा घेतलेला नव्हे. बाईला घ्यावयाच्या बुटाचे माप बाईने स्वतः दुकानात उकिडवे बसून, दोन-चार पावले चालून घ्यावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे. घरी आणल्यावर जोड परसदारी खुंटीला उलटा टांगावा आणि घालण्यापूर्वी दरवेळी आपटावा, आत विंचू बसलेला असतो.